वेग शून्य

लॅपटॉप मी पोटाशी धरून आणते,
कोटाच्या आत, लोकरीच्या दोन थरांखाली.
पानवाली शेजारीण नाही इथे, टायरवाली आहे,
ती रोज विचारते, कितवा महिना?
उलानबातरच्या थंडीत उघड्यावर ठेवला
तर चहा निवायच्या आत
त्याची बॅटरी मान टाकते.

तो भावाचा. ओयुनबिलेग आता कोरियात, आन्सानला,
दुसऱ्यांच्या गाड्यांची दारं रंगवतो.
पासवर्ड आमच्या जुन्या गायीचं नाव.
प्रोग्रॅम जपानी. अक्षर एक वाचता येत नाही,
पण कुठलं बटण कुठे नेतं
ते बोटांना पाठ,
दिवे गेल्यावर जिना पाठ असतो तसं.

स्टिअरिंगखाली, गुडघ्याला लागेल असं,
सोळा भोकांचं तोंड.
केबल स्वस्तातली. एक पिन वाकलेली.
ती जरा डावीकडे दाबून धरावी लागते,
औषध पाजताना पोराची हनुवटी धरतात तशी.
संपर्क नाही.
संपर्क नाही.
मग हिरवा दिवा,
आणि गाडी बोलायला लागते.

गाडी दाशझेवेग यांची. पूर्वी रेल्वेत सिग्नल सांभाळायचे,
आता टॅक्सी. उजव्या हाताचं स्टिअरिंग,
काचेवर निइगाताच्या कुठल्या दुकानाचं
अर्धं खरवडलेलं स्टिकर.
म्हणाले, घरून निघालो, रस्त्यात दिवा लागला.
बस, एवढंच.

पी शून्य ए आठ दोन.
मोठ्या बॅटरीचा पंखा.

बिघाडाच्या क्षणी गाडी एक फोटो काढून ठेवते,
चेहऱ्यांचा नाही, आकड्यांचा.
मी तो उघडते.
वेग शून्य.
इंजिन सुरू होऊन चार तास अकरा मिनिटं.
बाहेर उणे एकोणचाळीस.
तारीख-वार काही नाही,
पण एकोणचाळीसपर्यंत पारा
या आठवड्यात फक्त पहाटेच उतरलाय.

रस्त्यात, म्हणाले होते.

मागच्या सीटच्या कडेला पंख्याची जाळी.
काढली, तर आत मूठभर लोकर.
मेंढीच्या कातड्याची, पिवळसर,
एकाच बाजूला झोपणाऱ्या माणसाच्या
अंगाखाली झिजते तशी.
उशीइतकी नाही. पण कितीतरी रात्रींची.

मी ती खिशात टाकली.
का, ते माहीत नाही. जमिनीवर टाकवली नाही.

ते दाराशी उभे, टोपी हातात.
स्क्रीनकडे बघत म्हणाले,
हे सगळ्यांना दिसतं?
म्हटलं, जो वायर जोडेल त्याला.
माझा मुलगा जोडेल का?
त्याच्याकडे वायर आहे?
नाही, ते म्हणाले. त्याच्याकडे वायर नाही.

थोडा वेळ फक्त पंखा फिरत राहिला,
मोकळा, हलका,
सर्दी गेल्यावर नाक मोकळं होतं तसा.

पुसायचं का, असं प्रोग्रॅम विचारतो.
एक बटण डावीकडे, एक उजवीकडे.
पुसलं की फोटोही जातो.
त्यांनी मान हलवली. मी दाबलं.
दिवा विझला. वेग, तास, उणे एकोणचाळीस,
कुठेच नाही आता,
माझ्या खिशातली लोकर सोडली तर.

पैसे मोजताना मी म्हटलं, कुणाला उद्देशून नाही,
इथे रात्रभर हीटर चालूच असतो.
पाइप फुटतात नाहीतर.
मागचं दार कुलूप लावलं तरी नीट लागत नाही.

ते हातमोजे चढवत राहिले, एकेक बोट,
सिग्नल पडायची वाट बघणाऱ्याच्या सवयीनं.
मग म्हणाले,
पाइपांची काळजी घ्यायलाच हवी.

मी केबल उपसली.
लॅपटॉप पुन्हा पोटाशी घेतला.
अजून ऊब होती त्याला.